प्रत्यारोपणाच्या हिशेबात परिचारिकेचे तास कुठे आहेत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अवयव प्रत्यारोपणाची बातमी छापून येते तेव्हा दात्याच्या कुटुंबाचे औदार्य, शल्यचिकित्सकांचे कौशल्य आणि अवयव वेळेत पोहोचवणाऱ्यांची धावपळ यांची नोंद घेतली जाते आणि ती घेतलीच पाहिजे. खर्चाचा विषय निघाला की शस्त्रक्रियेचे शुल्क, औषधे, तपासण्या आणि खाटेचे भाडे यांवर चर्चा होते. मी बरीच वर्षे प्रत्यारोपण विभागात आधी परिचारिका म्हणून आणि नंतर इन्चार्ज सिस्टर म्हणून काम केले आणि त्या विभागाची ड्यूटीची पत्रके माझ्या हाताने आखली. या यादीत कधीच न दिसणाऱ्या एका रकमेविषयी मला लिहायचे आहे. ती रक्कम म्हणजे परिचारिकेच्या तासांची किंमत. ती खाटेच्या भाड्यात मिसळून गेलेली असते, त्यामुळे ती किती आहे हे विचारण्याची वेळच कोणावर येत नाही. प्रत्यारोपणाच्या प्रत्येक रुग्णामागे लागणारे परिचर्येचे काम पाळीगणिक मोजले जावे आणि किती परिचारिका हव्यात व त्यांवर किती खर्च धरायचा हे त्या मोजणीवरून ठरावे, एवढेच माझे म्हणणे आहे. आज ते खाटा मोजून ठरते.

खाटा मोजणे अपुरे का पडते, हे मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या पहिल्या रात्रीवरून स्पष्ट होईल. नवे मूत्रपिंड चांगले चालू लागले तर काही रुग्णांना तासाला अर्धा लिटरहून अधिक लघवी होते. ती दर तासाला मोजायची, तिच्या प्रमाणात पुढच्या तासाचे सलाईन ठरवून लावायचे, रक्तदाब आणि शिरेतील दाब पाहायचा, सोडियम व पोटॅशियमचे अहवाल आले की त्याप्रमाणे बदल करायचे, तोवर पुढचा तास भरत आलेला असतो. याउलट लघवी एकाएकी कमी झाली, तर कॅथेटरमध्ये रक्ताची गाठ अडकली आहे, शरीरात पाणी कमी पडते आहे की रक्तवाहिनीतच अडथळा आला आहे, याची पहिली शंका खाटेशेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीलाच यावी लागते. रक्तवाहिनीत गाठ झाली असेल तर मूत्रपिंड वाचवण्यासाठी हाताशी असलेला वेळ फार थोडा असतो. त्याच विभागातील पाचव्या दिवसाचा रुग्ण मात्र स्वतः उठून बसतो, स्वतःच्या गोळ्यांची नावे पाठ करतो आणि घरी जाण्याचा दिवस विचारतो. दोघांची खाट एकच, भाडे एकच आणि ड्यूटीच्या पत्रकावरील वजनही एकच.

यकृताच्या रुग्णाची रात्र आणखी निराळी असते. पोटातल्या ड्रेनमधून, म्हणजे साचलेला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतून, येणाऱ्या द्रवाचा रंग आणि प्रमाण, रक्त गोठण्याच्या तपासण्या, रक्तातील साखर, लॅक्टेट (निरोगी यकृत रक्तातून दूर करते तो एक घटक) आणि रुग्ण शुद्धीवर किती लवकर व किती स्वच्छपणे येतो आहे, या सगळ्यांवरून नवे यकृत कामाला लागले की नाही हे कळते. हृदय प्रत्यारोपणात जुन्या मज्जातंतूंचा संबंध तुटलेला असल्याने नव्या हृदयाला रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत दुखण्याची नेहमीची खूण बहुधा मिळत नाही, आणि ॲट्रोपिनसारखे हृदयाची गती वाढवणारे नेहमीचे औषधही अपेक्षित काम करत नाही. फुप्फुसाच्या प्रत्यारोपणात श्वासनलिका जिथे जोडली त्या जोडाच्या खालच्या भागाला खोकल्याची संवेदना राहत नाही, म्हणून कफ साचला आहे हे रुग्णाला कळण्याआधी परिचारिकेला कळावे लागते. या सर्वांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतात, त्यामुळे जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढेलच याची खात्री नसते. रुग्ण स्वतः तक्रार करील आणि मग आपण धावू, हा इतर विभागांत चालणारा क्रम इथे चालत नाही. म्हणून इथल्या परिचारिकेचा मोठा वेळ पाहण्यात, ताडण्यात आणि वाट पाहण्यात जातो. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती उभी असलेली दिसते.

एक साधे काम घ्या. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी पाहण्यासाठी नमुना पुढची मात्रा देण्याच्या अगदी आधी, म्हणजे आधीच्या मात्रेनंतर साधारण बारा तासांनी घ्यायचा असतो. सकाळच्या गर्दीत मात्रा आधी दिली गेली आणि नमुना नंतर घेतला गेला, तर पातळी खोटी वाढलेली दिसते. त्या आकड्यावर विसंबून डॉक्टर औषध कमी करतात आणि शरीराने अवयव नाकारण्याचा धोका वाढतो. नमुना घ्यायला पाच मिनिटे पुरतात, पण ती पाच मिनिटे नेमक्या वेळी मोकळी असावी लागतात. मोजणीची कोणतीही पद्धत निवडताना ही गोष्ट विसरता येणार नाही, कारण दिवसभरात एकूण किती मिनिटे मिळाली एवढ्यावरून ती योग्य क्षणी मिळाली की नाही हे समजत नाही.

माझ्या स्वतःच्या अनुभवातील एक रात्र सांगते. पत्रकाप्रमाणे दोन रुग्णांमागे एक परिचारिका होती आणि नियमाने पाहता त्यात काहीही चुकीचे नव्हते. माझ्या सहकारी परिचारिकेकडे प्रत्यारोपण होऊन सहा तास झालेला एक रुग्ण होता आणि शेजारी दुसरा, चौथ्या दिवसाचा, ज्याला त्याच रात्री भ्रम होऊन तो नळ्या ओढू लागला. ती दुसऱ्या रुग्णाजवळ असताना पहिल्याच्या लघवीची दोन तासांची नोंद राहून गेली. रुग्णाला कायमची इजा झाली नाही, पण सकाळी चार्टवरच्या त्या दोन रिकाम्या चौकोनांबद्दल तिला लेखी खुलासा द्यावा लागला. मी वरिष्ठांना विचारले की त्या रात्री त्या दोन रुग्णांना मिळून किती तासांची परिचर्या लागत होती, हे कोणी मोजले होते का. कोणीच मोजले नव्हते. खुलासा मात्र तिच्या सेवापुस्तिकेत राहिला. ही गोष्ट मला आजही सलते आणि हे पत्र लिहिण्याचे ते एक कारण आहे.

मोजण्याची साधने नाहीत, असे म्हणता येत नाही. १९७४ मध्ये डेव्हिड कलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातील रुग्णावर केल्या जाणाऱ्या उपचारांना गुण देणारी ‘थेरप्यूटिक इंटरव्हेन्शन स्कोअरिंग सिस्टिम’, म्हणजे ‘टिस’ ही पद्धत मांडली. तिचा मूळ हेतू आजाराची तीव्रता जोखणे हा होता, पण कामाचा भार मोजण्यासाठीही ती वापरली जाऊ लागली. १९९६ मध्ये तिचे २८ बाबींचे सुटसुटीत रूप आले. या दोन्ही पद्धतींत भर होता तो यंत्रे, नळ्या आणि औषधे यांवर. रुग्णाला कुशीवर वळवणे, आंघोळ घालणे, नातेवाइकांशी बोलणे, नोंदी लिहिणे यांपैकी बरेचसे मोजणीबाहेर राहिले. पुढे २००३ मध्ये डिनिस रेईस मिरांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ देशांतील ९९ अतिदक्षता विभागांतील निरीक्षणांवरून ‘नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर’, म्हणजे ‘नॅस’ ही पद्धत तयार केली. तिच्या २३ बाबी परिचारिकेच्या प्रत्यक्ष वेळेपैकी ८१ टक्के वेळेचा हिशेब देतात, असे त्यांना आढळले. आधीच्या २८ बाबींच्या पद्धतीत हेच प्रमाण ४३ टक्के होते. या पद्धतीत १०० गुण म्हणजे एका परिचारिकेचे पूर्ण २४ तास, त्यामुळे एक गुण म्हणजे १४.४ मिनिटे. रुग्ण आणि नातेवाईक यांना आधार देण्यात एका पाळीत तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ गेला तर त्या एकाच बाबीला ३२ गुण मिळतात, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. प्रत्यारोपण विभागात काम केलेल्या कोणालाही हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. जिवंत दात्याच्या बाबतीत तर एकाच कुटुंबातील दोघे जण एकाच दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतात आणि बाहेर बसलेल्यांना दोघांचीही वार्ता हवी असते.

आता हिशेब कसा बदलतो ते पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, एका रुग्णाचे पहिल्या पाच दिवसांचे गुण अनुक्रमे ११०, ९०, ७०, ६० आणि ५० आले. बेरीज ३८० गुण, म्हणजे ९१.२ तास. दोन रुग्णांमागे एक परिचारिका या नियमाने त्याच्या वाट्याला पाच दिवसांत ६० तास येतात. उरलेले ३१ तास कुठून आले? शेजारच्या रुग्णाच्या वाट्यातून काही आले असतील, परिचारिकेच्या जेवणाच्या सुटीतून आणि पाळी संपल्यानंतरच्या थांबण्यातून काही आले असतील, आणि बाकीचे आलेच नसतील, म्हणजे काम राहिले असेल. विभागाच्या वार्षिक ताळेबंदात या तीनपैकी एकाही गोष्टीची नोंद सापडणार नाही. शिवाय पहिल्या दिवशीचे ११० गुण सांगतात की त्या रुग्णाला एक अख्खी परिचारिकाही पुरत नव्हती, आणि ही गोष्ट खाटांच्या प्रमाणाच्या नियमातून कधीच समोर येणार नाही.

मात्र मोजणीतही एक मोठा दोष आहे आणि तो लपवून ठेवणे योग्य होणार नाही. गुण मिळतात ते झालेल्या कामाला. मनुष्यबळ कमी असलेल्या पाळीत रुग्णाला चालवले गेले नाही, औषधांची माहिती समजावून सांगितली गेली नाही, तोंडाची स्वच्छता राहिली, नातेवाइकांशी दोन मिनिटांत बोलणे आटोपले, तर त्या पाळीचे गुण कमी भरतील. कमी गुण पाहून व्यवस्थापन म्हणेल की इथे काम कमी आहे, तेव्हा एक परिचारिका दुसरीकडे हलवा. पुढच्या पाळीत आणखी कामे राहतील आणि गुण आणखी उतरतील. टंचाईनेच टंचाईचे समर्थन करण्याचा हा प्रकार मी पाहिला आहे. म्हणून गुणांच्या तक्त्याशेजारी आणखी एक रकाना हवा, ज्यात त्या पाळीत करायला हवी होती पण झाली नाहीत ती कामे लिहिली जातील, आणि तो भरल्याबद्दल कोणाकडूनही खुलासा मागितला जाणार नाही याची लेखी हमी हवी. या हमीशिवाय तो रकाना रिकामाच राहील.

खर्चाकडे वळते. परिचारिकेच्या एका तासाची किंमत काढताना मासिक वेतनाला कामाच्या तासांनी भागून मोकळे होण्याची पद्धत आहे, आणि ती चुकीची आहे. खाटेशेजारी चोवीस तास, सातही दिवस एक परिचारिका उभी ठेवायची म्हणजे आठवड्याला १६८ तास भरायचे. आठवड्याला ४० तास काम धरले तर त्यासाठी ४.२ जणी लागतात, ४८ तास धरले तर साडेतीन. त्यात रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण आणि हँडओव्हरचा वेळ मिळवला की आकडा आणखी वर जातो. एक अनुभवी परिचारिका सोडून गेली की नव्या मुलीला प्रत्यारोपणाच्या रुग्णाची जबाबदारी एकटीने पेलता येईपर्यंत कित्येक महिने तिच्या मागे दुसरी परिचारिका ठेवावी लागते. तो खर्च प्रशिक्षणाच्या नावाखाली दुसऱ्याच खात्यात जमा होतो, आणि प्रत्यारोपण विभाग कागदावर आहे त्यापेक्षा स्वस्त दिसू लागतो.

याखेरीज सज्जतेचा खर्च आहे. मेंदूमृत दात्याचा अवयव केव्हा मिळेल याचे वेळापत्रक नसते. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारण चार ते सहा तासांत बसवावे लागते. यकृताला आणि मूत्रपिंडाला त्याहून अधिक अवधी असतो, पण तोही मोजकाच. म्हणजे मध्यरात्री फोन आला तरी प्रशिक्षित परिचारिका उपलब्ध असली पाहिजे, आणि फोन न आलेल्या रात्रीही तिच्या तयारीची किंमत द्यावीच लागते. अग्निशमन दलाच्या बाबतीत आपण हे सहज मान्य करतो. आग लागली नाही त्या दिवसाचे जवानांचे वेतन कोणी वाया गेले म्हणत नाही.

दात्याच्या खाटेशेजारी राबणारी परिचारिका तर कोणत्याच हिशेबात नसते. मेंदूमृत घोषित झालेल्या व्यक्तीचा रक्तदाब टिकवणे, शरीराचे तापमान राखणे, अनावर होणाऱ्या लघवीमुळे बिघडणारे क्षारांचे प्रमाण सांभाळणे आणि त्याच वेळी खोलीत निरोप घ्यायला आलेल्या माणसांना पुरेसा एकांत देणे, हे काम अतिदक्षता विभागातील सर्वांत कठीण कामांपैकी एक आहे. ज्याच्यावर उपचार करायचे तो रुग्ण उरलेला नाही आणि ज्यांना अवयव मिळणार ते अजून समोर नाहीत. त्या दहा-बारा तासांचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा, या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे तो सरसकट विभागाच्या नेहमीच्या खर्चात टाकला जातो. एका दात्यामुळे अनेकांना अवयव मिळू शकतात. तेव्हा हे तास वेगळे नोंदवून प्रत्यारोपण कार्यक्रमाच्या खर्चात धरणे न्याय्य ठरेल.

इतके मोजून मनुष्यबळ वाढवणे परवडेल का, हा प्रश्न नक्कीच विचारला जाईल. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवून दिले की परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांतील मृत्यूचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. कॅलिफोर्नियात रुग्ण-परिचारिका प्रमाणाचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन २००४ पासून अमलात आला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये काही रुग्णालयांत असेच किमान प्रमाण लागू केले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वाढीव परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक रक्कम रुग्ण लवकर घरी गेल्यामुळे आणि पुन्हा दाखल होणे कमी झाल्यामुळे वाचली. हे अभ्यास सर्वसाधारण विभागांतील किंवा सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांच्या रुग्णांचे आहेत, केवळ प्रत्यारोपणाचे नाहीत, हे मी मुद्दाम नमूद करते. किमान प्रमाणाचा कायदा हा तळ असतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला त्यावर किती हवे, ते त्याच्या स्वतःच्या मोजणीतूनच कळेल. आणि नाकारला गेलेला अवयव म्हणजे मूत्रपिंडाच्या बाबतीत पुन्हा डायलिसिस, यकृत किंवा हृदयाच्या बाबतीत बहुधा पुन्हा प्रतीक्षा यादी किंवा मृत्यू, हे लक्षात घेतले तर परिचर्येत केलेल्या काटकसरीची किंमत कोण चुकवतो ते वेगळे सांगायला नको.

घरी जाण्यापूर्वीच्या शिकवणीचा उल्लेख राहून जाऊ नये. कोणती गोळी किती वाजता, कोणत्या लक्षणासाठी त्याच दिवशी फोन करायचा, तापमान आणि वजन कसे लिहून ठेवायचे, कोणते औषध विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, हे रुग्णाला एकदा सांगून भागत नाही. त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते, घरच्या माणसांनाही शिकवावे लागते, आणि भूल, वेदना व स्टेरॉइडमुळे झोप उडालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. अतिदक्षता विभागासाठी केलेल्या गुणांकन पद्धती हे काम पुरेसे पकडत नाहीत, कारण ते नंतरच्या, शांत दिसणाऱ्या दिवसांत होते. म्हणून प्रत्यारोपण विभागाने प्रचलित पद्धत जशीच्या तशी उचलू नये. आपल्या दोन-तीन महिन्यांच्या रुग्णांवर घड्याळ लावून प्रत्यक्ष वेळ नोंदवावी आणि शिकवणी, औषधांच्या वेळा व संसर्गापासून जपण्याची कामे त्यात वेगळी धरावीत.

या मोजणीची भीती परिचारिकांनाही वाटते आणि ती निराधार नाही. हातात घड्याळ घेऊन कोणी मागे उभे राहिले की आपल्यावर पाळत आहे असे वाटणारच. म्हणून ही नोंद बाहेरच्या निरीक्षकाने न करता त्या पाळीतील परिचारिकेने स्वतः, पाळी संपताना करावी. ती व्यक्तीच्या नावाने न ठेवता रुग्णाच्या आणि पाळीच्या नावाने ठेवावी आणि महिन्याची बेरीज आधी विभागातील परिचारिकांसमोर मांडावी, मग हिशेब खात्याकडे पाठवावी. सवय झाल्यावर एका रुग्णाचा तक्ता भरायला काही मिनिटेच लागतात. ती मिनिटेही कामाच्या वेळेतच धरली जावीत, नाहीतर आणखी एक कागद घरी जाण्याच्या वेळेतून भरला जाईल. प्रत्यारोपणाच्या बिलात ‘परिचर्या : इतके तास’ अशी एक वेगळी ओळ छापायला तेवढी नोंद पुरेशी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका